आधी फेर, मग रांग

तर मंडळी, आज सिपना नदी नाही, मोहाची फुलं नाहीत, की सेमाडोहचा पाऊसही नाही. आज संगणकाच्या सी भाषेतल्या एका रचनेबद्दल मला माझं मत मांडायचं आहे. भाचे-पुतण्यांपैकी जे सॉफ्टवेअरवाले आहेत ते हसतील, हसोत बापडे. ज्यांना या विषयाचा गंध नाही त्यांनीही लगेच पळून जाऊ नये. मुद्दा संगणकाचा कमी आणि शिकवण्याचा जास्त आहे, आणि त्यात माझं आयुष्य गेलं आहे.

डिप्लोमाला आणि इंजिनिअरिंगला 'डेटा स्ट्रक्चर्स' नावाचा विषय असतो. त्यात 'लिंक्ड लिस्ट' म्हणजे साखळी शिकवतात. तिचा क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला आहे. आधी एकेरी साखळी, मग दुहेरी, मग गोल, आणि सगळ्यात शेवटी दुहेरी गोल साखळी. तोवर सत्र संपत आलेलं असतं, आणि शेवटचा प्रकार 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून दिला जातो. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. दुहेरी गोल साखळी पहिल्या तासाला शिकवावी.

साखळी म्हणजे काय ते आधी सांगते. वर्गातली बाकं ओळीने मांडलेली असतात, तशी संगणकाच्या स्मृतीत माहिती ओळीने ठेवता येते. पण तिसऱ्या बाकावर नवीन मुलगी बसवायची तर पुढच्या सगळ्यांना एकेक जागा सरकावं लागतं. साखळीत तसं नसतं. मुलं आवारात कुठेही बसलेली असोत, प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी असते, आणि तीवर पुढचा मुलगा कुठे बसला आहे याचा पत्ता असतो. मधे कुणाला घ्यायचं तर कुणालाही सरकवायचं नाही, फक्त चिठ्ठ्या बदलायच्या. ही कल्पना अमेरिकेत नेवेल, शॉ आणि सायमन यांनी १९५५-५६ च्या सुमारास आपल्या प्रोग्रॅममधे वापरली, म्हणजे सी भाषेच्याही आधी. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमधे १९७२ च्या सुमारास घडवली. चिठ्ठीवरच्या पत्त्याला सीमधे पॉइंटर म्हणतात, आणि निम्मी मुलं घाबरतात ती या एका शब्दाला.

(आपल्या ब्लॉगवाल्यांनी 'लिंक'ला 'दुवा' हा सुंदर शब्द रूढ केला आहे. त्या हिशेबाने हिला दुवासाखळी म्हणता येईल. मी नुसतं साखळी म्हणते, आणि तिच्या एका घटकाला कडी.)

आता उदाहरण. एकेरी साखळीसाठी जो तो आगगाडीचं उदाहरण देतो. आमच्या वऱ्हाडात ते द्यायला हरकत नाही. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला, आता बंद पडलेली, अनेकांनी पाहिलेली आहे. इंजिन, त्याला डबा, डब्याला डबा, आणि शेवटच्या डब्यामागे काही नाही. हे 'काही नाही' सीमधे 'नल' या नावाने लिहितात. सगळी गोम इथे आहे. गाडीला दोन टोकं आहेत, आणि टोकांना जो नियम लागतो तो मधल्या डब्यांना लागत नाही.

हे मला कसं लक्षात आलं तेही सांगते. आमच्या भागातला एक मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी कोरकू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी अशा चार भाषा तो वागवतो. (कोरकू ही मराठीची बहीण नव्हे बरं का. ती मुंडारी-संथाळीच्या मुंडा कुळातली भाषा आहे.) या एका विषयात तो दोनदा नापास झाला, आणि शिक्षण सोडून परतवाड्याला दुकानात लागतो म्हणू लागला. माझ्या नातवाच्या पुस्तकावरून मी थोडंफार सी शिकले आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून वही घेऊन आला. वहीत साखळीतून कडी काढण्याचं एकच काम चार प्रकारे लिहिलं होतं. साखळी रिकामी असेल तर एक. पहिली कडी काढायची असेल तर दुसरं, कारण मग साखळीची सुरुवातच बदलते. शेवटची काढायची तर तिसरं. मधली काढायची तर चौथं. जोडण्याचे पुन्हा वेगळे तीन. म्हणाला, "बाई, पाठ केलं होतं सगळं, पण पेपरात कोणतं इफ कुठं लावाचं तेच आठवून नाई रायलं."

पोरगा मठ्ठ नाही. नियम एक आणि अपवाद तीन असले की कोणाचंही असंच होतं. मराठीचं व्याकरण शिकवणाऱ्याला हे सांगायला नको. इकारान्त-उकारान्त शब्दांचे नियम मुलांना जड जात नाहीत, त्यांचे अपवाद जड जातात.

आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं, सोप्याकडून कठीणाकडे जा. पुस्तकं लिहिणारेही तेच करतात, यात शंका नाही. एकेरी कडीला एक चिठ्ठी, दुहेरीला दोन, मग एकेरी सोपी, असा त्यांचा हिशेब. पण सोपं म्हणजे कमी भागांचं असं कोणी सांगितलं? मला तर ज्यात अपवाद कमी ते सोपं वाटतं. त्या हिशेबाने दुहेरी गोल साखळी सगळ्यात सोपी ठरते. फक्त तिच्यात एक कडी जास्तीची ठेवावी लागते, जिच्यात माहिती काहीच नसते. इंग्रजीत तिला हेडर किंवा सेंटिनल म्हणतात. मी तिला 'बाई' म्हणते.

कारण असं. मुलींचा फेर आठवा. सगळ्यांची तोंडं आत, हात धरलेले. प्रत्येकीचा डावा हात मागचीच्या हातात आणि उजवा पुढचीच्या हातात. या फेरात बाईही उभ्या आहेत, पण खेळाडूंच्या मोजणीत त्या धरायच्या नाहीत. मग पहिली मुलगी कोण? बाईंच्या उजव्या हाताची. शेवटची कोण? डाव्या हाताची. एकही मुलगी आली नाही तर? तर बाई एकट्याच, स्वतःचाच डावा हात स्वतःच्याच उजव्या हातात धरून उभ्या. रिकामा फेरसुद्धा फेरच राहतो! कुणाचाही हात कधीच मोकळा नसतो, म्हणून 'नल' नावाचं भूत इथे नाही. (या रिकाम्या पत्त्याची कल्पना टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेत आणली, आणि २००९ साली ती आपली अब्ज डॉलरची चूक होती असं त्यांनीच जाहीरपणे सांगितलं.)

आता फेरात दोघींच्या मधे नवी मुलगी घ्यायची. चार हात जोडायचे आहेत, म्हणून चार ओळी:

नवी->मागची = डावी;
नवी->पुढची = उजवी;
डावी->पुढची = नवी;
उजवी->मागची = नवी;

आणि कुणाला काढायचं तर दोनच:

कडी->मागची->पुढची = कडी->पुढची;
कडी->पुढची->मागची = कडी->मागची;

झालं. इफ नाही, बिफ नाही. दुसरी ओळ मराठीत वाचून बघा: 'कडीच्या पुढचीची मागची म्हणजे आता कडीची मागची.' जीभ वळते थोडी, पण अर्थ लागतो.

अपवाद खरंच उरले नाहीत का, हे तपासून पाहायला पाहिजे. फेर रिकामा असताना पहिली मुलगी आली, तर तिची डावीही बाई आणि उजवीही बाई. त्याच चार ओळी चालवा. नवीचे दोन्ही हात बाईंच्या हातात आणि बाईंचे दोन्ही तिच्या, बरोबर. एकुलती एक मुलगी निघून गेली, तर त्याच दोन ओळींनी बाईंचा हात पुन्हा बाईंच्याच हातात येतो. सुरुवातीला घ्या, शेवटी घ्या, मधे घ्या, ओळी त्याच. चाराच्या जागी एक नियम. त्या मुलाला मी अंगणात सहा पोरं उभी करून हे दाखवलं, आणि सातव्या पोराला आत-बाहेर करायला लावलं.

अंगणात एक गंमत मात्र लपते. तिथे सगळे सगळ्यांना दिसतात, संगणकाच्या स्मृतीत कुणीच कुणाला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले. आता शेजारी सापडायचा तो हातानेच. समजा नव्या मुलीला फक्त 'या डावीच्या पुढे उभी राहा' एवढंच सांगितलं, उजवी कोण ते सांगितलं नाही. अशा वेळी डावीने आधी हात सोडून नवीचा धरला, तर उजवी कुठे गेली ते नवीला कळणार कसं? म्हणून नवीने आधी दोन्ही शेजारणींना धरायचं, मग उजवीने आपला हात बदलायचा आणि डावीने सगळ्यात शेवटी. दोघी शेजारणी नावानिशी माहीत असतील तर ओळींचा क्रम कोणताही चालतो, एकच माहीत असेल तर चालत नाही. पुस्तकात हे 'ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे' एवढ्या एका वाक्यात उरकलेलं असतं, आणि का, ते मुलाने समजून घ्यायचं. (फेर गोल असल्यामुळे हरवलेली उजवी दुसऱ्या बाजूने पूर्ण वळसा घालून सापडू शकते म्हणा, पण एका हातासाठी गावभर कोण फिरणार?)

फेरात सगळ्यांची हजेरी घ्यायची तर बाईंच्या पुढचीपासून सुरू करायचं, आणि परत बाई आल्या की थांबायचं. इथे या रचनेचा एक खरा धोका आहे, तो लपवत नाही. आगगाडीत डबे संपले की संपले. फेराला शेवट नाही, बाईंना ओळखायला चुकलात तर प्रोग्रॅम गरागरा फिरतच राहील. नवशिक्याला ही चूक पकडायला वेळ लागतो. नलवाल्या साखळीत चुकलं की प्रोग्रॅम बहुतेक वेळा तिथल्या तिथे कोलमडतो, आणि कोलमडणं शिकणाऱ्याच्या फायद्याचं असतं. हा मुद्दा माझ्या नातवाने काढला, आणि तो मला मान्य आहे. तरी एका थांबण्याच्या अटीवर लक्ष ठेवणं हे सात प्रकारच्या इफवर लक्ष ठेवण्यापेक्षा सोपं, असं मी म्हणेन.

दुसरी हरकत जागेची. दुहेरी कडीला दोन पत्ते लागतात. आजच्या ६४ बिटांच्या यंत्रावर एक पत्ता ८ बाइट खातो. एक लाख कड्या असल्या तरी जादाचे ८ लाख बाइट, म्हणजे एक मेगाबाइटही पुरता नाही. सी भाषा घडली ती स्मृती किलोबाइटमधे मोजण्याच्या काळात, तेव्हा ही काटकसर शहाणपणाची होती. आजही काही ठिकाणी आहे. पण शिकण्याच्या पहिल्या दिवशी काटकसर कशाला? पाटीवर मोठं अक्षर काढू द्या, बारीक अक्षर मागाहून येतं.

तिसरी हरकत अशी की हे सगळं खेळातलं, खऱ्या कामात कोण वापरतं? तर ऐका. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो, जो लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतला आणि जो मुख्यतः सीमधेच आहे. त्या गाभ्याची नेहमीची यादी म्हणजे हीच, दुहेरी गोल साखळी, आणि तिच्यात बाईही आहेत. रिकाम्या यादीत तिथेही डोकं स्वतःकडेच बोट दाखवतं. चालू असलेल्या सगळ्या कामांचा असा एक फेर धरलेला असतो. म्हणजे सेमाडोहात रेंज असो वा नसो, खिशातल्या फोनमधे हे फेर चालूच आहेत :-) एक बारकावा असा की लिनक्समधे कडीत फक्त दोन हात असतात, आणि ती कडीच मुलाच्या अंगावर चिकटवलेली असते. त्यामुळे एकाच मुलाला चार जोड हात चिकटवून चार फेरांत एकदम उभं करता येतं. हे कळल्यावर मला फार गंमत वाटली. आणि प्रामाणिकपणे हेही सांगते की हजारो छोट्या याद्या ठेवायच्या असतात अशा जागी लिनक्सवाले जागा वाचवण्यासाठी यादीच्या डोक्यात एकच पत्ता ठेवतात. एकेरी साखळी मोडीत काढा असं मी म्हणतच नाही, ती नंतर शिकवा म्हणते.

फेरातून निघालेल्या मुलीची गोष्टही सांगण्यासारखी आहे. वरच्या दोन ओळी नीट पाहा. शेजारणींनी एकमेकींचे हात धरले, पण निघालेलीच्या हातांना आपण हातच लावला नाही! तिच्या चिठ्ठ्यांवर अजून जुन्याच शेजारणींचे पत्ते आहेत. लिनक्सवाले यात धोका पाहतात. कुणी चुकून त्या जुन्या पत्त्यांवर गेला तर घोटाळा होईल, म्हणून निघालेल्या कडीत ते मुद्दाम विषारी पत्ते भरून ठेवतात, म्हणजे कुणी वापरायला गेला की ताबडतोब आपटेल. स्टॅनफर्डच्या डोनाल्ड क्नूथ यांनी याच गोष्टीत सोय पाहिली. निघालेलीला आपली जागा आठवते, तर तिला परत घ्यायलाही दोनच ओळी पुरतात:

कडी->मागची->पुढची = कडी;
कडी->पुढची->मागची = कडी;

अट एकच. ज्या क्रमाने मुली निघाल्या त्याच्या उलट क्रमाने परत यायचं. सुडोकूसारखी कोडी सोडवताना एक शक्यता धरून पाहायची, जमली नाही तर पाऊल मागे घ्यायचं, यासाठी क्नूथ यांनी हे वापरलं. २००० साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं 'डान्सिंग लिंक्स', म्हणजे नाचत्या कड्या. मूळ युक्तीचं श्रेय त्यांनी हितोत्सुमात्सु आणि नोशिता या जपानी संशोधकांच्या १९७९ च्या कामाला दिलं आहे. २०२२ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या ४ ब या खंडात हा विषय विस्ताराने आहे. सांगायचं कारण असं की जिला आपली पुस्तकं 'शेवटचा आणि किचकट प्रकार' म्हणून बाजूला ठेवतात, ती रचना एवढी कामाची आहे.

आता नावांबद्दल. वरच्या ओळींत मी 'पुढची', 'मागची', 'नवी' लिहिलं ते केवळ तुम्हाला समजावं म्हणून नाही. सीच्या १९९९ च्या प्रमाणात नावांसाठी देवनागरी अक्षरांना परवानगी आहे, आणि जीसीसी हा प्रसिद्ध कंपायलर दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, अशी नावं सरळ टाइप केलेली घेतो. स्ट्रक्ट, फॉर, इफ एवढे भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीत ठेवावे लागतात, बाकी नावं आपली. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. ती चर्चा बरीचशी पारिभाषिक शब्दांतच अडकली, पॉइंटरला 'दर्शक' म्हणायचं की 'निर्देशक'. मला दोन्ही चालतील आणि पॉइंटरही चालेल. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी 'लेट अस सी' इंग्रजीतच लिहिलं, पण असं साधं लिहिलं की मराठी माध्यमातून आलेल्या किती पोरांना ते आपलं वाटलं. तेव्हा अडचण एकट्या इंग्रजीची नाही. मुलाच्या डोळ्यांसमोर आधी चित्र उभं राहिलं पाहिजे, शब्द त्याला चिकटतात. माझ्या त्या विद्यार्थ्याने फेराला लगेच कोरकू नावं दिली, आणि मग मलाच त्याच्याकडून ती पाठ करावी लागली.

परीक्षेत मात्र त्याला जुन्याच क्रमाने प्रश्न येणार, एकेरी साखळीचे चारी इफ त्याला लिहावेच लागतील. त्यालाही एक वाट सापडली. तो आता आधी कच्च्या पानावर फेराच्या दोन ओळी लिहितो, मग 'इथे बाई नाहीत, तर कुठे कुठे अडेल?' असं स्वतःला विचारतो. जिथे अडतं तिथे इफ येतो. पाठ करावं लागत नाही. उन्हाळ्याच्या परीक्षेला तो पुन्हा बसतो आहे, फॉर्म भरून झाला.

डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एवढंच मागते: एका तुकडीवर, एका सत्रात, पहिला तास फेराला देऊन पाहा, आणि काय झालं ते खाली प्रतिसादात कळवा. नहीच जमलं तरी कळवा. आणि हो, तुमच्या लॅबमधे अजून जुनं टर्बो सी असेल तर ते देवनागरी नावं घेणार नाही, तिथे 'पुढची', 'मागची' ही नावं रोमन अक्षरांत लिहावी लागतील. बाई तिथेही चालतात.